थर्मोइलेक्ट्रिक छापायचंय? प्रिंटर सगळ्यात शेवटी घ्या

थर्मोइलेक्ट्रिकच्या, म्हणजे तापमानाच्या फरकातून थेट वीज काढणाऱ्या साहित्याच्या, कामात नव्याने शिरणारा जवळजवळ प्रत्येक जण मला पहिला प्रश्न विचारतो तो प्रिंटरचा. कुठला घेऊ, केवढ्याला पडेल, घरचा प्लास्टिकवाला चालेल का. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी आर्गॉन सोडता येईल अशी नळीची भट्टी कुठे वापरायला मिळते ते शोधा, मग चार तारांनी रेझिस्टन्स मोजायची सोय करा, प्रिंटरचं तिसऱ्या महिन्यात बघू. छपाई हा यातला दुपारभराचा भाग. शाई जमायला महिने जातात, जमलेल्या शाईवर भट्टी पाणी फिरवू शकते, आणि भट्टीतून धडधाकट निघालेला तुकडाही टोकांच्या जोडांपाशी अर्धी वीज गमावून बसतो.

आधी एक तयार मॉड्यूल फोडा

बाजारात काहीशे रुपयांत टीईसी१-१२७०६ नावाची पांढरी चौकोनी वडी मिळते. पाण्याच्या छोट्या कूलरमध्ये असते तीच. दोन आणा. एकीच्या तारा मल्टीमीटरला लावा, मीटर ओहमवर ठेवा आणि वडीवर तळहात टेका. आकडा सरकायला लागेल. हात उचला, उलटा फिरेल. तारा अदलाबदल केल्या तर तिसराच आकडा दिसेल. मीटर खराब नाही. तळहाताच्या उबेने वडीच्या दोन बाजूंत तापमानाचा फरक पडला, त्यातून व्होल्टेज तयार झालं आणि मीटरने ते रेझिस्टन्स समजून दाखवलं. १८२१ साली थॉमस योहान सीबेक यांना दिसलेला परिणाम तो हाच. उलटी बाजू, म्हणजे वीज सोडली की एक टोक गार पडणं, झाँ पेल्तिए यांनी १८३४ मध्ये दाखवली.

दुसरी वडी कटरने फोडा. आत सिरॅमिकच्या दोन फरशांमध्ये दीडेक मिलिमीटर जाडीचे काळपट ठोकळे उभे दिसतील. त्यांना आम्ही पाय म्हणतो. १२७ जोड्या, २५४ पाय. प्रत्येक जोडीत एक पाय पी प्रकारचा, एक एन: एनमध्ये वीज मोकळे इलेक्ट्रॉन वाहतात, पीमध्ये इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. वीज सगळ्या पायांतून एकामागून एक जाते, उष्णता मात्र सगळ्यांतून एकाच वेळी वर चढते. पाय बिस्मथ टेल्युराइडच्या मिश्रधातूंचे असतात: पीमध्ये अँटिमनी, एनमध्ये थोडं सेलेनियम.

एक पाय नखाने दाबून बघा. पापुद्रा सुटेल, अभ्रकाचा सुटतो तसा. या स्फटिकात अणूंचे थर असतात आणि थराथरांमधली टेल्युरियम-टेल्युरियमची पकड ढिली असते. म्हणूनच मोठी कांडी ओतून तिचे काप करायचे, कापांचे ठोकळे करायचे, या नेहमीच्या पद्धतीत कडा तुटतात आणि बराच माल भुशात जातो. टेल्युरियम तर पृथ्वीच्या कवचात प्लॅटिनमइतकं दुर्मिळ, तांबं शुद्ध करताना उरलेल्या गाळातून काढावं लागणारं. आणि करवत फक्त चौकोनच देते.

छापायचं कशासाठी, ते आधी ठरवा

चौकोन पुरत असेल तर छापू नका, ही वडी विकत घ्या. तुमची छापलेली वडी तिच्यापुढे महाग आणि कमजोर ठरेल.

आता १०० मिलिमीटर व्यासाचा पाईप घ्या आणि त्यावर ही ४० मिलिमीटरची सपाट वडी ठेवा. मध्यावर ती टेकते, पण कडांना पाईप आणि वडी यांच्यात ४ मिलिमीटरहून जास्त फट राहते. फटीत हवा, आणि हवेइतका वाईट उष्णतावाहक शोधून सापडणार नाही. इथे छपाईला अर्थ आहे: पायच कमानीच्या आकाराचे करायचे, म्हणजे ते पाईपला बिलगतात. दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या 'युनिस्ट' विद्यापीठात जे सुंग सोन यांच्या गटाने २०१८ मध्ये नेमकं हे करून दाखवलं. अर्ध्या कड्यांसारखे पाय छापून त्यांनी ॲल्युमिनाच्या (एक सिरॅमिक) नळीवर बसवले. या लेखातला बराच रस्ता त्यांच्याच पद्धतीच्या मागून जातो.

एक प्रश्न दर वेळी येतो म्हणून इथेच सांगतो. साखर कारखान्याच्या वाफेच्या पाईपवर हे लावलं तर? लावू नका. त्या पाईपला आधी चांगलं इन्सुलेशन करा. वाफेची उष्णता वाचवण्यातली कमाई, तिच्यातून दोन टक्के वीज काढण्यापेक्षा कितीतरी मोठी असते. आपलं काम तिथलं, जिथे उष्णता कशीही वाया जाणार आहे आणि वायर किंवा बॅटरी पोचवणं त्रासाचं आहे. उदाहरणार्थ, एकट्या पडलेल्या एखाद्या सेन्सरला वीज देणं.

कागद-पेन्सिल

पाईप ९० अंश सेल्सिअस, खोली ३० अंश, म्हणजे आपल्याला ६० अंश मिळाले, असं नवखा माणूस धरून चालतो. मीही धरलं होतं. आता नीट बघा. पाय २ मिलिमीटर उंच आणि त्याची उष्णतावाहकता साधारण १ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन धरली, तर एका चौरस मीटरमागे त्याचा उष्णतेला अडथळा ०.००२ केल्व्हिन प्रति वॅट. बाहेर पंख्याशिवायची हवा: तिचा अडथळा ०.१ च्या घरात, पन्नासपट. ६० अंश या दोघांत अडथळ्याच्या प्रमाणात वाटले जातात, म्हणजे पायाच्या वाट्याला जेमतेम एक अंश येतो! बाकीचे ५९ हवेत.

बाहेर दहापट पृष्ठभागाचे पंख, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, लावले की पायाला १० अंश मिळतात. त्यावर पाय विरळ केले, जागेच्या फक्त पाचव्या भागात पाय आणि बाकी मोकळी, तर फरक ३० अंशांपर्यंत जातो. मधल्या हवेतून गळणारी उष्णता मी इथे सोडून दिलीय, तेव्हा प्रत्यक्षात थोडं कमीच धरा. उंच आणि विरळ पाय करवतीने करायला नकोसे होतात, छापायला सोपे. माझ्या मते छपाईचा खरा फायदा वाकड्या आकारापेक्षाही इथे आहे.

व्होल्टेजचा हिशोब सोपा. चांगल्या पायाचा सीबेक गुणांक, म्हणजे एका अंशाच्या फरकाला मिळणारं व्होल्टेज, २०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्व्हिनच्या आसपास, जोडीचे ४००. ३० अंशांना एका जोडीमागे १२ मिलिव्होल्ट. एलटीसी ३१०८ सारखी व्होल्टेज वाढवून देणारी चिप २० मिलिव्होल्टपासून पुढे उचलून घेते, त्यामुळे शेकड्याने पाय हवेतच असं नाही. पहिल्या प्रयत्नाला दहा जोड्या पुष्कळ झाल्या.

साहित्याचा दर्जा झेडटी या एका आकड्यात सांगतात: सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. बाजारातल्या बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी १ च्या आसपास असतो. युनिस्टच्या छापलेल्या मालाचा २०१८ मध्ये पीसाठी ०.९ आणि एनसाठी ०.६ आला. हा एन मागे का पडतो, ते भट्टीपाशी बघू.

पद्धत: सोऱ्या

पूड अंथरून लेझरने वितळवणं ऐकायला भारी वाटतं, पण टेल्युरियम उडून जातं, ठिसूळ मालाला तडे पडतात आणि यंत्र कोट्यवधीचं असतं. प्लास्टिकच्या तारेत पूड मिसळून साध्या प्रिंटरवर छापता येतं, मात्र मध्ये प्लास्टिक राहिलं की वीज अडते. पातळ थरांसाठी स्क्रीन प्रिंटिंग उत्तम, पण ते उंच पायांचं काम नाही. नवख्याने दट्ट्याने शाई दाबून धार सोडणारी पद्धत घ्यावी. सिरिंज, नॉझल, हवेचा दाब आणि तीन दिशांना हलणारा टेबल. चकलीचा सोऱ्या ज्याने फिरवलाय त्याला यातलं अर्धं आधीच येतं.

पूड

कांडी फोडून आर्गॉन भरलेल्या भांड्यात बॉल मिलवर दळा आणि चाळा. नियम एवढाच: सगळ्यात मोठा कण नॉझलच्या दहाव्या भागाहून लहान हवा. ४०० मायक्रॉनचं नॉझल असेल तर ४० मायक्रॉनच्या आत. उलट फार बारीक दळण्याचाही सोस नको. कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, तितका ऑक्साइडचा थर जास्त. शिवाय बिस्मथ टेल्युराइडला दळण्यानेच स्फटिकात दोष पडतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात, म्हणजे पीची पूड दळून दळून एनकडे झुकते. दर खेपेला दळण्याचा वेळ वहीत लिहा.

इथे सुरक्षेचं बोलतो, कारण लोक भट्टीला घाबरतात आणि पुडीला नाही. टेल्युरियम अंगात गेलं की श्वासाला आणि घामाला लसणाचा वास येतो, आणि तो दिवसेंदिवस जात नाही. आमच्या एका सहकाऱ्याने मास्क न लावता एक संध्याकाळ पूड चाळली. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, कुठे मिसळ हाणून आलास? थट्टेचा भाग सोडा, पण तो वास म्हणजे पूड फुफ्फुसात गेल्याची पावती आहे. चाळणं, तोलणं, मिसळणं सगळं ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा निदान फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि धुळीच्या चांगल्या मास्कसह. घरच्या ओव्हनमध्ये यातलं काहीही भाजायचं नाही. शिशाच्या टेल्युराइडला तर पहिलं वर्षभर हातच लावू नका.

शाई

इथे थांबा, पाणी प्या. खरं काम हे.

शाईला दोन परस्परविरोधी गोष्टी जमायला हव्यात: नॉझलमधून दाबाखाली सरसर वाहायचं आणि बाहेर पडताच जागच्या जागी थिजायचं. जिलबीचं पीठ पहिलं जमवतं, दुसरं नाही. आपल्याला हवं चकलीचं. धार सोडली की कडा गोल राहिली पाहिजे, वर दुसरा थर ठेवला की खालचा बसता कामा नये.

पूड भरपूर हवी, पण वजनाच्या टक्क्यांनी फसू नका. बिस्मथ टेल्युराइडची घनता ७.७, ती ज्या द्रवात कालवतो त्या ग्लिसरॉलची १.२६. वजनाने ८० टक्के पूड घातली तरी आकारमानाने ती ४० टक्केच भरते. उरलेली ६० टक्के जागा द्रवाची, जी पुढे उडून जाणार. सिंटर झाल्यावर, म्हणजे भट्टीत न वितळता कण एकमेकांना सांधले गेल्यावर, तुकडा ९० टक्के घन झाला, तर प्रत्येक बाजूने तो सुमारे २४ टक्के आखडेल. १० मिलिमीटरचं छापलं की साडेसात मिलिमीटरचं हातात येतं. डिझाइन करताना हे आधीच वाढवून धरा.

कण धरून ठेवायला काय वापरायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. एथिल सेल्युलोजसारखं सेंद्रिय बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) सोपं, स्वस्त, आणि छापायला गुणी. पण जळून जाताना ते मागे कार्बन आणि पोकळ्या ठेवतं, कणाकणांमधला विजेचा रस्ता तिथेच तुटतो. कोरियन गटाची युक्ती वेगळी होती. त्यांनी अँटिमनी आणि टेल्युरियम थायॉल-अमाइन द्रावणात विरघळवून अजैविक बाइंडर केलं. भट्टीत त्याचंच अँटिमनी टेल्युराइड होतं, म्हणजे चिकटवणारी गोष्टसुद्धा थर्मोइलेक्ट्रिकच, आणि ती कणांना आपसात सांधतेही. त्या द्रावणाचा वास मात्र भयंकर आणि माल विषारी, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि शिकवणारं माणूस असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. सुरुवात सेंद्रियवर करा, छपाई शिकून घ्या, आणि विजेचे आकडे वाईट येणार हे मान्य करून पुढे जा.

शाईचा वाहतेपणा मोजणारा ऱ्हिओमीटर नसेल तर तीन चाचण्या पुरतात. बाटली उलटी करा: शाई मिनिटभर तरी जागची हलू नये. सिरिंजमधून हवेत धार सोडा: ती एक-दीड सेंटिमीटर लोंबली पाहिजे, लगेच थेंब होऊन टपकली तर पातळ, तुकडे पडले तर कोरडी. शेवटी काचेवर हातानेच पाच रेघा एकीवर एक रचा आणि दहा मिनिटांनी बाजूने बघा.

आमची पहिली शाई या तिन्ही चाचण्यांत पास झाली आणि प्रिंटरवर चढवल्यावर पाच मिनिटांत नॉझल बंद. दाब वाढवला तर नुसतं ग्लिसरॉल ठिबकायला लागलं. सिरिंज कापून पाहिली तेव्हा आत पुडीचा कडक गोळा बसला होता. चक्का टांगला की पाणी गळून जावं आणि घट्ट गोळा कापडात राहावा, अगदी तसं. दाबाखाली द्रव पुढे निसटतो आणि पूड मागे राहते. त्यावर उपाय तीन: द्रव थोडा दाट करा, पुडीत बारीक आणि मध्यम कण मिसळा म्हणजे फटी भरतात, आणि नॉझल सरळ सुईऐवजी निमुळतं शंकूसारखं घ्या.

छपाई

हे पटकन उरकतो. शाई भरताना बुडबुडे राहतात, सिरिंज सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. ४०० ते ८०० मायक्रॉनचं नॉझल, थराची जाडी त्याच्या दोन-तृतीयांश, वेग सेकंदाला ५ ते १० मिलिमीटर. खाली टेफ्लॉनचा पत्रा. दर छपाईसोबत एक साधी लांब पट्टीही छापा. ती मोजणीसाठी, ती कधीच वगळू नका.

भट्टी

सावकाश वाळवा, दिवसभर लागू द्या. घाई केली की वरचं कवच आधी आखडतं आणि तडकतं. मग आर्गॉनमध्ये हळूहळू चढवा. ग्लिसरॉल २९० अंशांना उकळतं, तेव्हा त्या पट्ट्यात मिनिटाला एक-दोन अंशांहून जास्त वेग नको. पुढे साधारण ४५० अंशांवर काही तास. वितळणबिंदू ५८५ अंशांचा आहे, त्यामुळे वर जायला जागा दिसते, पण टेल्युरियम त्याच्या आधीच उडायला लागतं. तुकड्याभोवती त्याच मिश्रणाची पूड पसरा आणि वर झाकण ठेवा, म्हणजे नळीतच टेल्युरियमची वाफ राहते. ऑक्साइड घालवायला कुणी हायड्रोजन सोडायचा सल्ला देईल. टेल्युरियम आणि सेलेनियमचे हायड्रोजनसोबतचे वायू अतिविषारी आहेत, बाहेर पडणारा वायू धुवायची सोय नसेल तर तो सल्ला ऐकू नका.

आता एनचं दुखणं. बिस्मथ टेल्युराइडमध्ये वीज थरांच्या बाजूने सहज धावते, थर ओलांडून नाही. उष्णतेलाही हा भेद आहे, पण एन प्रकारात विजेचा भेद उष्णतेच्या भेदाहून बराच मोठा असतो. कांडीत थर एका दिशेने लागलेले असतात, छापलेल्या तुकड्यात कण वाट्टेल तसे पडलेले. पीला याचा फारसा फटका बसत नाही, एनला बसतो. म्हणून पहिला तुकडा पीचाच करा, आत्मविश्वास टिकतो.

एनसाठी वेगळी वाटही आहे. ऑस्ट्रियातल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑस्ट्रिया'मध्ये मारिया इबान्येझ यांच्या गटाने एनसाठी बिस्मथ टेल्युराइड सोडूनच दिलं आणि सिल्व्हर सेलेनाइड छापलं. २०२५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या कामात खोलीच्या तापमानाला झेडटी पीसाठी १.४२ आणि एनसाठी १.३ आहे, आणि त्यांच्या छापलेल्या कूलरने हवेत ५० अंशांचा फरक गाठला. त्यांचा सगळा भर कणाकणांच्या सांध्यावर होता. प्रिंटर साधा, दट्ट्याचाच.

मोजणी

क्रम असा ठेवा: घनता, सीबेक, रेझिस्टन्स. घनता व्हर्नियर आणि तराजूवर निघते. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर पुढचं मोजू नका, भट्टीकडे परत जा.

सीबेकसाठी तांब्याचे दोन ठोकळे, एकात छोटा हीटर, तापमान मोजायला दोन थर्मोकपल आणि मायक्रोव्होल्ट दाखवणारा मीटर. एकाच फरकावर व्होल्टेज भागून मोकळं होऊ नका. फरक शून्यापासून १० अंशांपर्यंत वाढवत सात-आठ नोंदी घ्या आणि रेषेचा उतार काढा. रेषा शून्यातून गेली नाही तरी चालतं, सरळ हवी. तांब्याच्या तारांचे सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट प्रति केल्व्हिन हिशोबात घ्या. चिन्हही बघा, पी म्हणून छापलेला तुकडा एन निघाल्याची उदाहरणं आमच्याकडेच आहेत.

झेडटी काढायचा मोह सगळ्यांना होतो. उष्णतावाहकता दुसऱ्या ठिकाणाहून मोजून आणावी लागते, आणि बऱ्याचदा ती वेगळ्याच गोल टिकलीवर, वेगळ्या दिशेने मोजलेली असते. वीज पट्टीच्या लांबीत, उष्णता टिकलीच्या जाडीत, असं मोजून आलेला झेडटी फेकून द्या. पोकळ्यांमुळे उष्णता अडते म्हणून पोकळ्या चांगल्या, हाही युक्तिवाद ऐकाल. त्या विजेलाही अडवतात, आणि सहसा जास्त.

जोड

३ बाय ३ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर उंच चांगला पाय म्हणजे सुमारे २ मिलिओहम. तुमच्या मीटरच्या नुसत्या तारा त्याच्या शंभरपट असतात, म्हणून सुरुवातीला चार तारांचं टुमणं लावलं होतं. दोन तारांनी करंट सोडा, दुसऱ्या दोघींनी व्होल्टेज वाचा.

जोड किती चांगला हवा? या पायाचा स्वतःचा वाटा चौरस सेंटिमीटरमागे ०.०००२ ओहम आहे. दोन्ही टोकांचे जोड प्रत्येकी ०.०००१ चे असले, तर जोड मिळून पायाइतकेच झाले आणि वीज निम्मी. प्रत्येकी ०.००००१ असले तर नुकसान दहा टक्क्यांच्या आत. चांदीची पेस्ट लावून चालतंय असं वाटतं, पण मोजल्यावर बहुधा पहिला प्रकार निघतो.

छापलेला पाय सच्छिद्र असतो आणि सोल्डर शोषून घेतो, शिवाय तांबं बिस्मथ टेल्युराइडमध्ये झपाट्याने शिरतं आणि आतला सगळा हिशोब बिघडवतं. म्हणून टोक बारीक सँडपेपरने घासा, लगेच त्यावर निकेलचा थर चढवा आणि मग कथिल-बिस्मथचं सोल्डर वापरा. ते १३८ अंशांना वितळतं, त्यामुळे ९० अंशांच्या पाईपवर निर्धास्त राहता येतं.

पाईपवर

धातूचा पाईप असेल तर आधी पॉलिइमाइडची पातळ टेप, नाहीतर सगळे पाय पाईपमधूनच शॉर्ट होतील. मग पी आणि एन कमानी आलटून पालटून, तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेल्या, आणि बाहेर पंख. पाईपमधून गरम पाणी फिरवा, पाऊण तास थांबा.

आधी काहीही न जोडता व्होल्टेज वाचा. मग बदलता रेझिस्टर लावून फिरवत न्या. व्होल्टेज निम्म्यावर आलं की तिथे सगळ्यात जास्त वीज मिळते, आणि तो रेझिस्टर म्हणजेच तुमच्या यंत्राचा अंतर्गत रेझिस्टन्स. पायांच्या बेरजेशी ताडून बघा, वरचं जे उरेल ते जोडांचं.

मग पाणी बंद करा, गार होऊ द्या, पुन्हा तापवा. असं वीसेक वेळा. बिस्मथ टेल्युराइड तापल्यावर ॲल्युमिनाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, ताण जोडांवर येतो. व्होल्टेज तेच राहून रेझिस्टन्स चढत गेला तर पाय ठीक आहेत, कुठलातरी जोड उकलतोय. करंट चालू ठेवून एकेका जोडावर व्होल्टेजच्या पिना टेकवत जा. आमच्याकडे बहुतेक वेळा गरम बाजूचा, कडेचा पहिलाच जोड सापडला आहे.